दगडावरचं गाव

वाई, १२ जानेवारी २०२५

चि. शुभास, अ. उ. आ.

आधी 'चि. सौ.' लिहिलं गेलं, म्हणून कागद बदलला. पस्तीस वर्षांची सवय, राग मानू नकोस. फोनवर मला आता काही ऐकू येत नाही आणि माझा नातू अनिमेष मोबाइलवर वाचून दाखवतो ते पत्र वाटत नाही. म्हणून हे.

श्रीधरला जाऊन दोन महिने होतील. धाकटा भाऊ गेला आणि मी इथेच बसून राहिले. गुरुजींशी बोलले आहे, तांब्याचा कलशही आणलाय. तू अस्थी घेऊन आलीस की कृष्णेच्या घाटावर विसर्जन करू. आईबाबांचंही तिथेच केलं होतं. कधी येतेस ते कळव.

जेवतेस ना वेळेवर, की ब्रेडवरच भागवतेस? तुम्ही दोघांनी प्राचीन ग्रीकांच्या वर्गात नावं घातल्याचं श्रीधरने लिहिलं होतं. ते वेड माझंच हो. नववीला तो माझ्याच इतिहासाच्या तासाला होता. घरी त्याच्यापुढे तालीम करूनच मी शाळेत शिकवायची. तू एकटी जातेस का वर्गाला?

काळजीत असलेली,
चारूताई


रेगेन्सबर्ग, २ फेब्रुवारी

ती. चारूताईंना, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आठ दिवस टेबलावर उघडंच ठेवलं होतं. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं.

वर्गाला जाते, दर मंगळवारी. यादीत ह्यांचंही नाव आहे. पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा आजारी आहेत असं बोलून गेले आणि आता खरं सांगणं अवघड झालंय. शेजारची खुर्ची कुणी घेत नाही.

गेल्या मंगळवारी 'मेटिक' लोकांबद्दल शिकवलं. म्हणजे अथेन्समध्ये येऊन राहिलेले परके. तिथेच धंदा करायचे, कर भरायचे, लढाईलाही जायचे. पण त्यांना मत नसे आणि घर-जमीन नावावर होत नसे. शिकवणाऱ्या फ्राऊ लिंडनरनी माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून पान उलटलं. मी 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून हसले. बायकांचं तर विचारूच नका. त्यांच्या बाजूने बोलायला कायम कुणीतरी पुरुष हवाच.

मराठी बोलायला इथे कुणी उरलं नाही. शुक्रवारी बसमध्ये स्टॉप आला तशी मी मोठ्याने 'अहो, उतरायचंय' म्हणाले. माणसं बघायला लागली.

इकडच्या कागदपत्रांना वेळ लागतोय. तब्येतीला जपा.

आपली,
शुभा


वाई, २३ फेब्रुवारी

चि. शुभास, अ. आ.

अथेन्सवर पानभर आणि माझ्या भावावर एक ओळ. मी चौतीस वर्षं पेपर तपासलेत. उत्तर येत नसलं की मुलं असंच दुसऱ्या प्रश्नाचं लांबलचक लिहितात.

कसले कागद? अनिमेष म्हणतो, जर्मनीत अस्थी घरी ठेवूच देत नाहीत. मग श्रीधर आहे कुठे? आई गेल्यावर त्याला मी वाढवलंय. मला विचारायचा हक्क आहे.

चारूताई


रेगेन्सबर्ग, १६ मार्च

ती. चारूताईंना, सा. न. वि. वि.

मंगळवारी वर्गात खरं सांगितलं. आज तुम्हाला सांगते.

डिसेंबरातच मी त्यांना इथल्या फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत ठेवलं, चारूताई. अस्थी भारतात न्यायची परवानगी मिळाली असती. ऑफिसातल्या बाईने फॉर्म पुढेही केला होता. मीच तो परत दिला. विसर्जन करून एकटीने या घराचं कुलूप उघडायचं, हे माझ्याने होणार नव्हतं. आता रविवारी कुठे जायचं ते ठरलेलं असतं. तुम्हाला न विचारता केलं. चूक आहे, मला ठाऊक आहे.

दगडावर काय कोरायचं ते सुचत नव्हतं, म्हणून तो तसाच कोरा होता. मग वर्गात मेटिकांच्या थडग्यांचे फोटो दाखवले. माणसाच्या नावापुढे तो मूळ कुठला, ते कोरलेलं असायचं. दुसऱ्याच दिवशी मी दगडवाल्याकडे गेले. नाव आणि तारखा इथल्या लिपीत, आणि खाली देवनागरीत 'वाई'. त्याने ती दोन अक्षरं माझ्याकडून कागदावर तीनदा काढून घेतली.

क्षमा मागायचं धाडस नाही. पत्र लिहायचं थांबवू नका एवढंच.

आपली,
शुभा


वाई, २७ एप्रिल

चि. शुभास, अ. उ. आ.

सहा आठवडे लिहिलं नाही. आधी लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

काल घाटावर गेले, एकटीच. अथेन्सवाले युद्धात पडलेल्यांची यात्रा काढत, तेव्हा एक तिरडी सजवून रिकामीच नेत. ज्यांचे देह मिळाले नाहीत त्यांच्यासाठी. परीक्षेत येत नाही म्हणून मी हे मुलांना कधी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी अस्थी कुठे विचारलं. नाहीत म्हटलं, तुम्ही मंत्र म्हणा. ते म्हणायला लागले. मी रिकामा कलश पाण्यात धरला, भरू दिला आणि सोडला. नंतर पायरीवर बसून रडले. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

माझा राग गेलेला नाही. पण अनिमेषला पासपोर्टचा फॉर्म भरायला बसवलंय. व्हिसासाठी तुझं बोलावणं लागतं म्हणे, ते लवकर पाठव. आले की आधी श्रीधरपाशी बसेन, मग तुझ्याशी भांडेन. हक्काने भांडावं असं मला आता दुसरं कोण राहिलंय?

लोभ आहेच, तो सोबत घेऊन येते.

चारूताई