जहाजावरचा शेवटचा फोन

तासगाव. शुक्रवार, फाल्गुन महिना, २०००

आज माझ्या पोराचा, संदीपचा, जहाजावरनं शेवटचा फोन. त्यांच्या जहाजावर तो सॅटेलाइटचा फोन हाय, पण ती कंपनीच बुडाली, उद्यापासून बंद. आता जहाज बंदराला लागल्यावरच बोलणं. आणि उद्या मिरजेत त्याच्या बापाच्या, आण्णांच्या, काळजाचं ऑपरेशन. तेवढंच सांगायचं होतं मला.

पण आमच्यात थोरल्यांच्या आधी बोलायचं न्हाई. सासूबाईंनी फोन धरला. "जेवलास का रं?" त्या फोनवर बोलणं आभाळात जाऊन येतं, उत्तर उशिरा येतं. सासूबाईंना वाटलं ऐकू गेलं न्हाई, परत "जेवलास का?" दोघं एकदमच बोलायला लागली.

"आवं, द्या की हिकडं!"

"थांब गं, नातू हाय माझा."

शेवटी हिसकावलाच. "संदीप, उद्या आण्णांचं ऑपरेशन हाय!" उत्तर उशिरा येतं म्हणून थांबले. लय थांबले. आलंच न्हाई, फोन तुटला. ऐकलं का त्यानं? कुणाला विचारू?

सासूबाई म्हणाल्या, "जेवलाय म्हणला."

सकाळी दवाखान्यात हे विचारतील, पोरगं काय म्हणलं? सांगीन, भिऊ नका म्हणला. मला कधी धड खोटं बोलता आलं न्हाई. उद्या आलं पाहिजे.