दुधाचे गिलास वेगळे

माय, मी जिथे काम करतो तिथे दारू मिळते. पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, नाहीतर चार पानं भरली असती आणि नेमकं हेच राहून गेलं असतं. तू जाऊन सात वर्षं झाली. तू होतीस तोवर तुला एवढंच माहीत होतं, की पोरगा बंगलोरला मोठ्या हॉटेलात आहे, पोटाला खातो, अजून पळून आला नाही. हॉटेलच्या बारमध्ये कोणत्या दारूला कोणता गिलास द्यायचा ते मी बघतो, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आणि सांगायचं तर तुलाच सांगायला पाहिजे होतं, कारण हे काम मला तुझ्याकडूनच आलं. थांब, रागवू नको, पुढे ऐक.

तुला तो उन्हाळ्यातला दिवस आठवते का? बाबा नवेगावच्या तलावावरून मासे धरून आले होते, दारापुढच्या सपरीत बसले होते आणि मला पाणी मागितलं. त्यांचा मोहाच्या दारूचा स्टीलचा गिलास सपरीच्या खुंटीला उलटा टांगलेला असायचा. तो घराच्या आत कधी आला नाही, तू येऊच दिला नाही. बाबा काही रोजचे पिणारे नव्हते, लग्नाला, पोळ्याला एखादा गिलास, आणि पिऊन कधी आवाज चढवला नाही, तरी तो गिलास बाहेरच. तो हाताशी होता म्हणून मी तोच काढला आणि आत येऊन सरळ पिण्याच्या पाण्याच्या पितळी गुंडात बुडवला. तू चुलीपाशी होतीस. न वळताच विचारलंस, "कोणत्या गिलासानं काढलास?" आवाजावरून तुला कळलं होतं. मी सांगितलं. तू उठलीस, भरलेला गुंड कमरेवर घेतलास आणि लिंबाच्या बुडाशी सगळा ओतून आलीस. बाबा म्हणाले, "अवं, धुतला होता ना मी." तू म्हणालीस, "तुमी धुतला होता. मी नाई." मग माझ्याकडे बघितलंस. "काऊन रे, दुधाच्या गंजात तेल ठेवतस का तू? जा, हापशीवर जा, भरून आण." भर दुपारी तीन फेऱ्या झाल्या. पाय पोळले, मी रडत होतो, आणि तू दारात उभी राहून नुसती बघत होतीस.

तेव्हा मला वाटलं, ही बाई दुष्ट आहे. आता सांगतो, माझ्या हाताखालच्या पोरांनाही मी असाच वाटत असेन.

शाळेत तू दोनशे पोरांची खिचडी शिजवत होतीस आणि त्याच शाळेत मी सातवी पास होऊन थांबलो. मास्तर तुला म्हणाले होते, "मावशी, तुमचा पोरगा खिचडीच्या वासाला येतो, पाढ्याला येत नाही." तू म्हणालीस, "येते तं खरं." मी पाढे काही शिकलो नाही, पण तुझ्या मागे उभा राहून भांडी बघत राहिलो. घासलेला गंज तू उन्हात तिरपा धरायचीस आणि आत तांब्याभर पाणी फिरवायचीस. पाणी चादरीसारखं एकसारखं पसरलं तर गंज आत जायचा. मध्येच फाटून थेंब थेंब झालं, की तू तो परत राखेच्या ढिगावर ठेवायचीस. घासणारी मावशी कुरकुरायची, "आता काय चाटून दाखवू का तुले?" तू म्हणायचीस, "मी नाई म्हणून राहिली, पाणी म्हणून राहिलं." बस, एवढंच माझं शिक्षण.

मग मी निघालो ते तुला माहीत आहे. तिरोड्याच्या राईस मिलमध्ये चार महिने, सडक अर्जुनीच्या ढाब्यावर एक पावसाळा, हैदराबादला टाइल्स बसवायला, कुठेच बूड टेकलं नाही. बंगलोरलाही मी महिनाभरासाठीच आलो होतो. पण इथे बारच्या मागे काचेचं कपाट पाहिलं आणि पाय थांबले. माय, तीस प्रकारचे गिलास. तू म्हणशील, एकाच घाणीला तीस घरं कायले? मीही हेच विचारलं होतं. आमच्या बारच्या मॅडम केरळच्या आहेत, त्यांनी शिकवलं. लाल वाइनचा गिलास पोटाला मोठा असतो, कारण तिला हवा लागते. पांढरी थंड प्यायची असते, म्हणून तिचा गिलास लहान आणि खाली दांडी, तळहाताची ऊब वर पोचू नये. ब्रँडीचं उलटं, तिला ऊब पाहिजे, म्हणून पोट हातात मावते आणि तोंड आपल्या तांब्यासारखं आवळलेलं, वास पळू नये. बुडबुड्यांची वाइन असते ती उंच आणि बारीक गिलासात, नाहीतर बुडबुडे लवकर मरतात. हॉटेलच्या कॉलेजातून आलेली पोरं हे वहीत लिहून घेत होती. मला लिहायची गरज पडली नाही. ताक कशात, दही कशात, चिंच पितळेत का नाही, हे ज्याच्या कानावर रोज आदळलं त्याला वाइनचं काय अवघड?

आता त्या रविवारचं सांगतो. दुपारची मोठी पार्टी होती आणि बिअरवर फेसच टिकत नव्हता. नळातून भरली की क्षणात मेलेली, भांडं धुतलेल्या पाण्यासारखी. गिऱ्हाईक गिलास परत पाठवून राहिले, मॅडमचा चेहरा उतरला. त्यातला एक कॉलेजवाला म्हणाला, बिअर नळात चढवणारा गॅस कमी आहे, त्यांनी सिलिंडर बदललं. तरी तेच. मग बिअरच खराब आहे म्हणून पिंप बदलायला निघाले. मी कपाटातला एक कोरडा गिलास घेतला, काच एकदम लख्ख होती, आणि त्यात पाणी फिरवलं. पाणी फाटलं. दुसरा घेतला, तोही तसाच. मी मॅडमला म्हणालो, "मॅडम, बिअर अच्छी है. गिलास में दूध है." सगळे माझ्याकडे बघायला लागले. सकाळच्या नाश्त्याला लहान पोरांनी मिल्कशेक प्यायले होते आणि ते गिलास बिअरच्या गिलासांसोबत एकाच मशीनमध्ये, एकाच जाळीत धुतले होते. साय डोळ्याला दिसत नाही, पण फेसाला कळते. मी कढत पाण्याचा वेगळा टब केला, वीस गिलास हाताने धुतले, पाणी एकसारखं पसरेपर्यंत सोडले नाहीत. मॅडमनी स्वतः नळ धरला. दोन बोटं फेस उभा राहिला आणि राहिलाच. कॉलेजवाला म्हणाला, "गुरुजी, पैर कहाँ हैं आपके?" आणि खरंच वाकला.

मॅडमनी विचारलं, "किसने सिखाया?" मी म्हणालो, "माँ ने." कोणीतरी मागून विचारलं, "माँ किस बार में थी?" सगळे हसले. मीही हसलो. मग मीच म्हणालो, "स्कूल में. दो सौ बच्चों का खाना पकाती थी." हसणं थांबलं. मॅडम म्हणाल्या, "तो आज से काँच तुम्हारी." तेव्हापासून कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. दुधाच्या गिलासांची जाळी लाल रंगाची केली, ती दुसरीकडे लागली तर मी पूर्ण खेप परत धुवायला लावतो. पोरं कुरकुर करतात. मी म्हणतो, मी नाही, पाणी म्हणून राहिलं. सातवी पास माणसाचं कॉलेजवाले ऐकतात, माय. मला लाज वाटत नाही. तू ज्याच्यावर थुंकलीसुद्धा नसतीस त्या कामात तुझाच नियम चालतो, आणि मी तो ताठ मानेनं चालवतो.

फक्त एक गोष्ट. तुझा शेवटचा फोन आला होता तेव्हा तू विचारलंस, "तिकडं काय करून राहिलास?" मी म्हणालो, "गिलास सांभाळतो." "चायचे?" मी म्हणालो, "हो माय." तू म्हणालीस, "फोडू नको." आणि फोन ठेवलास. मला वाटलं होतं, घरी येईन तेव्हा समोर बसून सगळं सांगेन. आलो तेव्हा तू सपरीत चटईवर होतीस आणि बाया भोवती बसल्या होत्या.

हे पत्र तुला पोचणार नाही, ते ठीक आहे. पण ताईच्या घरी पाठवता आलं असतं, तिनं तुझ्या फोटोपुढे वाचलं असतं. परवा तिनंही विचारलं, हॉटेलात नेमकं काय करतोस. एवढं सगळं लिहून झाल्यावर सांगतो, तिलाही मी चहाचेच म्हणालो.