सहा हजार एकशे वीस

शनिवार, ३ फेब्रुवारी

गेले! ताईला न सांगता वाचनालयातल्या त्या कार्यशाळेला गेलेच. कॉम्प्युटरवर आवाज तयार करायला शिकवतात. सॉफ्टवेअर फुकट, वर ते आतून कसं चालतं हेही कुणीही उघडून बघावं, बदलावं. माझ्या वयाची मी एकटीच. बाकीच्यांना गाणी करायची आहेत. तुम्ही का आलात, विचारलं. म्हटलं, वेळ जात नाही.

साफ खोटं. माझ्या कानात चोवीस तास शिट्टी वाजते, ती मला ताईला एकदा ऐकवायची आहे. कानाच्या डॉक्टरांनी हात टेकले — "सवय करून घ्या." कारखान्यात बावीस वर्षं पट्ट्यावर बाटल्या आपटताना ऐकल्या, त्याचं हे बक्षीस. ताईला कानीकपाळी ओरडून सांगितलं. तिचं एकच — "तुला तिथे मीच लावलं. तुझ्याआधी आठ वर्षं मी होते. मला कुठे काय झालंय?" वर माझ्या नाटकांची यादी, पहिलीपासूनची.

रविवार, ४ फेब्रुवारी

एक ओळ लिहायची, आकडा टाकायचा, की स्वर वाजतो. आकडा वाढवला की स्वर चढतो. शिकवणारी मुलगी (मनातल्या मनात मी तिला कुरळी म्हणते) म्हणाली, हवा सेकंदाला किती वेळा हलते, तो हा आकडा.

म्हणजे माझ्या शिट्टीलाही आकडा असणार!

बुधवार, ७ फेब्रुवारी

भाच्याने टाकून दिलेला लॅपटॉप कामाला आला. ताई बाहेर पडली की शोधायला बसते. पाच हजार — खाली. सात हजार — फार वर. मधे दोन हजार आकडे पडलेत.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज कुरळीने एकच आवाज दोनदा ठेवला. त्यातला एक उलटा केला, म्हणजे पहिल्याची लाट वर जाते तिथे दुसऱ्याची खाली. मग दोन्ही एकदम वाजवले. काहीच नाही! एकाने दुसऱ्याला खाऊन टाकलं.

मला वर्गातच रडू फुटलं. डोळ्यात काहीतरी गेलं म्हटलं. शिट्टी सापडली की तीही उलटी करायची, झालं! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर ओंडकाच मिळाला.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सापडली. ६१२०.

स्वर बंद केला तरी बंद झालाय हे कळेना, इतका तंतोतंत. परत लावला तो तसाच चालू राहिला आणि मी भाजी चिरायला गेले. ताई आली, लॅपटॉपशेजारी बसून अख्खा पेपर वाचला. तो वाजतोय हे मला नंतर दिसलं. तिने चकार शब्द काढला नाही. माझ्या कुठल्याच गोष्टीकडे लक्ष द्यायचं नाही, असं ठरवलंय तिने.

संध्याकाळी उलटा करून तासभर ऐकला. शिट्टी जागच्या जागी. माझंच काहीतरी चुकत असेल.

शनिवार, १७ फेब्रुवारी

नाही चुकलं. कुरळीला विचारलं. ती माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली, तेव्हाच कळलं.

"काकू, हवेतल्या लाटेला उलटी लाट खोडते. तुमची हवेत नाहीच. ती फक्त तुम्हालाच आहे."

चांगली मुलगी आहे. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. फक्त तुम्हालाच — ताई तरी वेगळं काय म्हणते? अर्ध्या वर्गातून उठून आले. आता मरेपर्यंत हे असंच.

रविवार, १८ फेब्रुवारी

वर्गाला गेले नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी

ताईच्या कानांना हेडफोन लावले. म्हटलं, एकदाच ऐक, परत विषय काढणार नाही. तिने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "थोडा वर कर." मी आकडा वाढवत गेले. ६३०० ला तिने हात वर केला.

"हा. हा तर शांततेचा आवाज. सगळं गप्प झालं की येतो तो. सगळ्यांनाच येतो ना गं?"

मी लॅपटॉप मिटला. हो म्हटलं. सगळ्यांनाच.