समोर बसावं लागेल

प्रिय आई,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू हवापाण्याचं बोलतेस आणि 'ठेवते, दूध उतू जातंय' म्हणतेस. तुझं दूध इतकी वर्षं उतूच जातंय. कागदाला तसं सांगता येत नाही. दादाकडून वाचून घेऊ नकोस, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

माझं बरं चाललंय. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. कामाला आता उत्तरेकडे खिडकी असलेली खोली मिळालीय. नकली डोळा रंगवायला ऊन चालत नाही, शांत उजेड लागतो. गिऱ्हाईक समोर बसतं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, आणि त्याचा शाबूत डोळा बघत मी दुसरा रंगवते. तासन् तास तो माणूस माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. परवा एक ट्रकड्रायव्हर आला होता. डोळा बसवून आरशात बघितलं आणि म्हणाला, ताई, आता बायको पुन्हा भांडेल माझ्याशी, इतके दिवस नुसती कीव करत होती. पांढऱ्या भागावरच्या बारीक शिरा मी रंगाने काढत नाही, रेशमाचा धागा पिंजून चिकटवते. तुझ्या शिवणाच्या डब्यातलं लाल रीळ निघताना उचललं होतं. अजून पुरतंय.

तुला हे काम कधी चारचौघांत सांगण्यासारखं वाटलं नाही. चित्रं काढतेस तर शाळेत शिकव, म्हणालीस, ही कसली अवदसा आठवली? दादाच्या लग्नात त्याच्या सासरच्यांना सांगितलंस, धाकटी दवाखान्याच्या ऑफिसात आहे. मी ऐकून घेतलं. पण पाहुणे यायच्या आधी माझा डोळ्यांचा डबा कचऱ्यात टाकलास, ते मात्र अजून गिळता येत नाही. भरल्या घरात मेलेले डोळे नकोत, म्हणालीस. त्यात एका लहान मुलीचा डोळा होता, आई, फक्त चकाकी द्यायची राहिलेली. शाळा सुरू झाली तेव्हा त्या पोरीला पट्टी बांधून जावं लागलं. त्यानंतर मी घरी आले नाही आणि तू बोलावलं नाहीस. इथे तर तू कधी पाऊलच ठेवलं नाहीस.

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. ओळखीतल्या एक बाई आहेत म्हणे, उजवा डोळा काढावा लागला. खोबणीचं माप डॉक्टरांनी घेतलंय, प्रवास झेपत नाही, डाव्या डोळ्याचा फोटो पाठवते, तेवढ्यावर भागव. फोटो नुसत्या डोळ्याचा, बाकी चेहरा कापलेला. भोळी आहे मावशी. बुबुळात खालच्या बाजूला तो तपकिरी ठिपका. तापात तुझ्या मांडीवर पडून मी तोच बघत राहायचे. डोळे करून पोट भरणाऱ्या बाईला आपल्या आईचा डोळा ओळखू येणार नाही, असं वाटलं तुम्हाला? खोदून विचारलं तेव्हा मावशी रडली. काचबिंदू, ते ठणकणं, ऑपरेशन, सगळं होऊन गेलं, आणि तू घरादाराला बजावलंस की धाकटीला कळवू नका. परक्या बाईच्या आडून माझ्याच हातचा डोळा घ्यायला मात्र काही वाटलं नाही. फार राग आला, आई.

तरी रंगवायला बसले. फोटो पालथा ठेवला, त्याची गरजच नव्हती. एका बैठकीत डोळा झाला, आणि चुकला. ठिपका, रंग, सगळं जागच्या जागी, पण तो झाला तिशीतल्या बाईचा, मला मांडीवर घेणाऱ्या. वय झालं की बुबुळाभोवती फिकट कडं येतं. तुझ्या डोळ्यात ते किती आलंय, मला माहीत नाही, आणि फ्लॅशच्या फोटोत ते धड दिसत नाही. म्हणून हे पत्र. तुझा डोळा फोटोवरून होणार नाही. तुला यावं लागेल, खिडकीजवळ बसावं लागेल, आणि काम संपेपर्यंत सरळ माझ्या तोंडाकडे बघावं लागेल. मान वळवून चालणार नाही. आणि निघताना दादाच्या सासूबाईंनी विचारलं, कुठे निघालात, तर दवाखान्यात म्हणू नकोस. माझी मुलगी डोळे करते, तिच्याकडे चाललेय, असं सांग. तेवढं तोंडातून निघत नसेल, तर येऊ नकोस.

तुझीच,
धाकटी