‘कधीतरी’ची सिद्धता

३ मार्च
लिफ्टच्या सॉफ्टवेअरचं स्पेसिफिकेशन, म्हणजे लिफ्टने कसं वागायचं त्याचे नियम, लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाकीचे चार पानं खरडून मोकळे होतात. मी ते शुद्ध गणितात लिहिणार. उलटा A म्हणजे ‘प्रत्येक’, उलटा E म्हणजे ‘निदान एक तरी’. शब्द फसवतात, चिन्हं नाही. आठवड्यात संपवणार.
बायको बहिणीकडे गेली. बॅग जरा मोठी नेली. जाताना दाराच्या बेलबद्दल काहीतरी म्हणाली. मी कामात होतो.

५ मार्च
मुख्य नियम सुचला: जो कोणी बटण दाबेल, त्या प्रत्येकासाठी लिफ्ट कधीतरी येईलच. ‘कधीतरी’चं चिन्ह पत्त्यांतल्या चौकटसारखं. देखणं आहे.
बायकोचा फोन. न्यायला कधी येणार, असं विचारत होती. म्हटलं, कधीतरी येईनच. गणितात याहून पक्कं वचन नाही. फोन मध्येच बंद झाला. रेंज नसावी.

९ मार्च
सिद्धता पूर्ण. साहेबांना दाखवली. म्हणाले, छान आहे, पण यात लिफ्ट कुठाय? गाढवापुढे वाचली गीता.
घरी कोणाशी बोलावं लागत नाही. एकाग्रता उत्तम. स्लाइस ब्रेड संपला.

१२ मार्च
सराव म्हणून घराचंही स्पेसिफिकेशन लिहिलं. घरातल्या प्रत्येक माणसाचं माझ्याशी पटतं. झटक्यात सिद्ध झालं. घरात मी एकटाच असल्यामुळे सोपं गेलं.
मग बराच वेळ टीव्ही चालू ठेवला. बघत नव्हतो.

१४ मार्च
आमचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टरबाई म्हणाल्या, लिफ्ट पुढच्या वर्षी आली तरी तुमचा नियम पाळला जाईल ना? अभिमानाने हो म्हणालो. त्या म्हणाल्या, तोवर माणूस जिन्याने निघून गेलेला असेल, त्याचं काय?
उगाच फाटे फोडतात. जिना माझ्या स्पेसिफिकेशनमध्ये नाहीच.

१९ मार्च
साहेबांनी टेस्टरबाईंची बाजू घेतली. वेळेची मर्यादा घालायची आहे. ठीक. स्वतःलाही घालतो: शनिवारी बायकोला आणायला जाणार. काळ्या दगडावरची रेघ.

शनिवार, दुपार
मर्यादेमुळे सिद्धता मोडली. अशा वेळी उठून गेलो तर धागा तुटतो. उद्या जाईन. एक दिवस इकडे तिकडे.

रविवार
सिद्धता जुळली. लगेच फोन केला. मेहुणीने उचलला आणि हिला दिला. म्हटलं, आत्ता निघतो. ही म्हणाली, नको, मला इथे नोकरी लागली आहे. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.
मग परत कधी येणार, असं विचारलं.
म्हणाली, येईन कधीतरी.

रविवार, संध्याकाळ
नियम तपासला. त्यात खोट नाही. गणिताप्रमाणे ती येणारच. फार एकटं वाटतंय.
बाहेर जाऊन बेलचं बटण दाबून पाहिलं. वाजत नाही. गेल्या वर्षापासून ती सांगत होती, बेल दुरुस्त करून घे. मी म्हणायचो, करू कधीतरी.