उशाशी ठेवलेला पाव

कासेल, जर्मनी
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अप्पा आणि आई यांस,
शिवप्रियेचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

लांबलचक सांगायचं ते फोनवर नको, पत्रात लिही, असं टपाल खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं फर्मान आहे, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. आईला सांगा, शेंगदाण्याची चटणी संपत आली. माझ्या सोबतच्या दोन नर्सना तिची चटक लागलीय.

एक काळजी आहे. आमच्या वृद्धाश्रमात माझ्याकडं अकरा जण आहेत. त्यातल्या एर्ना आजी एकोणनव्वद वर्षांच्या. टापटीप, थट्टेखोर, माझ्या जर्मन बोलण्यातल्या चुका हसत हसत सुधारणाऱ्या. पण जेवणातला पाव त्या लपवून नेतात आणि उशीखाली ठेवतात. त्याला बुरशी येते, मुंग्या लागतात. परवा सफाईवालीनं तो उचलला तर आजींनी तिच्या हातावर फटका मारला, आणि नंतर स्वतःच रडत बसल्या. आमच्या प्रमुख बाई म्हणतात की डोकं चालेनासं झालंय, त्यांना वरच्या मजल्यावर हलवायला हवं. तिथं दारं कुलूपबंद असतात. ऑक्टोबरच्या मध्यावर डॉक्टर येऊन ठरवतील. अप्पा, तिथं गेलेलं माणूस महिन्याभरात बोलायचं थांबतं, हे मी पाहिलंय.

काय करावं सुचत नाही. तुमची माया पाठीशी असू द्या.

तुमची,
शिवप्रिया

*

सास्तूर, ता. लोहारा
३० सप्टेंबर २०२५

चि. शिवप्रियेस,
महांतप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र अठरा दिवसांत आलं. माझ्या वेळी याहून लवकर यायचं, असं मी म्हणालो, तर तुझी आई म्हणाली की तुमच्या वेळी सगळंच चांगलं होतं. चटणी पाठवतोय. यंदा पावसानं लई झोडपलं, सोयाबीन पाण्यात गेलं, पण तुरीची आशा आहे.

आज भूकंपाला बत्तीस वर्षं झाली. सकाळी स्मारकापाशी जाऊन आलो, आणि आल्यावर लिहायला बसलोय. तुला एक सांगायचं राहिलं होतं. आमची अव्वा, म्हणजे तुझी आज्जी सिद्धम्मा, त्यानंतर कित्येक वर्षं पदरात भाकरी बांधून निजायची. पहिल्या दिवशी कुठल्या कुठल्या गावांतून माणसं भाकऱ्यांची गाठोडी घेऊन आली होती. कोण, कुठली, काही ठाऊक न्हाय. एका बाईनं अव्वाच्या हातात भाकरी दिली. अव्वानं ती खाल्ली न्हाय, बांधून ठेवली. पत्र्याच्या शेडात राहिलो तेव्हाही तेच. मी जवान होतो, मला लाज वाटायची. एकदा मी ती शिळी भाकरी गाईला घातली, तर अव्वा दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाय.

मग तुझ्या आईनं युक्ती केली. ती तेव्हा नवी सून. तिनं अव्वाला झाकणाचा डबा आणून दिला आणि म्हणाली, रोज संध्याकाळी ताजी भाकरी मी ठेवीन, कालची तुम्ही काढून द्या. कुणी हिसकावून घेत न्हाय म्हटल्यावर अव्वा शांत झाली. वेडी नव्हती गं ती. तुझ्या त्या एर्ना आजींनाही आधी विचार, मग काय ते ठरवा.

लेकराला अडचण सांगावीशी वाटली, यातच आम्ही भरून पावलो.

तुझा,
अप्पा

*

कासेल
२६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप अप्पा, आई यांस,
शिवप्रियेचा शि. सा. नमस्कार.

आधी चांगली बातमी. एर्ना आजी खालच्याच मजल्यावर, त्यांच्याच खोलीत आहेत!

तुमचं पत्र यायला उशीर झाला असता, पण तुम्ही पोस्टात टाकलं त्याच संध्याकाळी आईनं फोनवर सगळं सांगून टाकलं. (तिच्यावर रागावू नका.) मी दुसऱ्याच दिवशी निळा पत्र्याचा डबा आणला, आजींपुढं ठेवला आणि आमच्या अव्वाची भाकरी सांगितली. आजी बराच वेळ डब्याचं झाकण उघडत आणि लावत बसल्या. मग बोलू लागल्या. तीन दुपारी लागल्या.

त्यांचे आजोबा घड्याळजी होते. पहिल्या महायुद्धानंतर इथं पैशाची अशी माती झाली, की म्हातारपणासाठी जन्मभर साठवलेल्या रकमेत एक पाव आला. पुढं मंदीत वडिलांचा कारखाना बंद पडला. दोन वर्षं ते फुकट आमटीच्या रांगेत उभे राहिले. मग नवं सरकार आलं. त्यानं त्यांना काम दिलं, बूट दिले, गणवेश दिला. घर खूश झालं. शेजारी एक यहुदी शिंपी राहायचे. एका सकाळी त्यांचं कुटुंब नेलं, आणि त्यांचं शिवणयंत्र एर्नाच्या घरी आलं. ते कसं आलं, हे घरात कुणी विचारलं नाही. आजींनी मला बजावलंय, माझ्या भुकेची गोष्ट कुणाला सांगशील तर त्या यंत्राची आधी सांग. म्हणून आधी लिहिलं.

वडील युद्धावरून परत आले नाहीत. पंचेचाळीसच्या जानेवारीत रशियन फौज जवळ आली, तेव्हा आई, त्या आणि तान्हा भाऊ गाव सोडून बर्फातून चालत निघाले. भाऊ वाटेत गेला. कासेलजवळच्या खेड्यात सरकारनं त्यांना मार्था नावाच्या शेतकरीण बाईच्या घरात ठेवलं. तिची दोन्ही मुलं लढाईत गेलेली. तिला हे बिऱ्हाड नको होतं, ती कोठीला कुलूप लावायची. दुसऱ्या हिवाळ्यात खायलाच काही उरलं नाही, तेव्हा दहा वर्षांच्या एर्नानं तिच्या तळघरातून कच्चे बटाटे चोरले आणि पकडली गेली. मार खायचा म्हणून डोळे मिटून उभी राहिली. मार्थानं तिला चुलीपाशी बसवून पाव दिला, आणि त्या दिवसापासून निजताना रोज एक तुकडा तिच्या उशाशी ठेवू लागली. म्हणाली की सकाळी डोळे उघडताच दिसला, म्हणजे आजचा दिवस निघेल एवढं तरी कळेल.

अप्पा, अव्वाचं ऐकल्यावर मला वाटलं की त्याही भीतीनं पाव लपवतात. तसं नव्हतं. त्या मार्थाची आठवण ठेवत होत्या.

मी हे सगळं लिहून प्रमुख बाईंना दिलं. त्यांनी वाचलं आणि डॉक्टर येण्याआधी स्वतः डब्यात ताजा पाव ठेवला. आजींनी सफाईवालीची माफी मागितली. डॉक्टरांशी त्या इतकं नीट बोलल्या, की हलवायची गोष्ट तिथंच मिटली.

आईच्या त्या डब्याचे उपकार कसे मानू? दोघंही माझी आठवण राहू द्या.

तुमची,
शिवप्रिया

*

कासेल
१६ नोव्हेंबर २०२५

श्री. महांतप्पा आणि सौ. महानंदा यांस,

मी सांगतेय आणि तुमची मुलगी तुमच्या भाषेत लिहून घेतेय. तुमच्याकडं मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिहितात, असं कळलं. तुम्ही माझ्यापेक्षा लहान, तेव्हा आशीर्वाद.

महानंदाबाई, तुमचा डबा माझ्या उशाशी आहे. मार्थाबाईंना मी कधी धन्यवाद म्हटले नाहीत. तेव्हा तोंडात पाव होता, आणि मोठी झाले तेव्हा त्या नव्हत्या. ते धन्यवाद आता तुम्ही घ्या.

दुसरं, तक्रार आहे. डिसेंबरात तुमच्याकडं वेळ अमावस्या असते, सगळे शेतात जाऊन जेवतात, आणि ही मुलगी तीन वर्षं गेलेली नाही, असं मला दुसऱ्या नर्सकडून कळलं. यंदा तिनं मिळालेली रजा माझ्यासाठी परत केली. ती नसताना मला वर हलवतील, अशी तिला भीती. (हे वाक्य ती लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं.) मी प्रमुख बाईंना बोलावलं. मला हलवणार नाही, असं त्यांनी हिच्यासमोर कागदावर लिहून सही केली. रजा पुन्हा मंजूर झाली आहे.

मी जिथं जन्मले ते शहर आता दुसऱ्या देशात आहे, त्याचं नावही बदललं. तुमचं गाव पडलं, पण तुम्ही ते त्याच नावानं पुन्हा उभं केलंत. जिचं गाव जागेवर आहे, तिनं सणाला घरी जावं.

ती सोळा डिसेंबरला निघते. मी तिला दारापर्यंत चालत सोडीन, चाकांची खुर्ची न घेता. तिथून पुढं तिला घ्यायला तुम्ही या.

तुमच्या घरची, आता हक्कानं म्हणते,
एर्ना