आत्या म्हणणारा माणूस

माय, भूकंपानंतर तू चाकूरहून किल्लारीच्या बाजूला भाकरी थापायला गेलीस, तेव्हा मीही तुझ्यासोबत होते. पत्र्याच्या शेडांची ती वस्ती, टोकाला दगडांच्या चुली, आणि चुलीपुढे तू. मी तेव्हा कॉलेज संपवून लग्नासाठी थांबलेली. आपण स्वयंपाकाला आलोय, एवढंच मला वाटायचं.

तिथे एक म्हातारी होती. मुलगा, सून, नातवंडं सगळी पहाटे झोपेतच मातीखाली गेली. ही अंगणात झोपलेली, म्हणून राहिली. कुणाशी बोलायची नाही, तू वाढलेलं ताट पुढ्यात घेऊन नुसती बसायची. एके दुपारी कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला, तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, आत्या, मी तुमचा भाचा. तिचा भाऊ तरुणपणी हैदराबादला गेलेला, त्याचा हा मुलगा म्हणे. शहरात नेतो, सांभाळतो, म्हणाला. बोलता बोलता पिशवीतून कागद काढले. सरकारी मदतीचे आहेत, तुम्ही फक्त अंगठा द्या, बाकी मी बघतो. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

मी तुझ्या कानाशी लागले, हा लुबाडायला आलाय, पोलिसांना बोलावू. तू तव्यावरची भाकरी उलटवत म्हणालीस, "ते मला बी दिसायलंय. पण तिच्यासमोर म्हणू नको."

मग तू त्याला पाट दिलास, गरम भाकरी वाढलीस. लई चांगलं झालं, म्हणालीस, न्या त्यांना. मीही सोबत येते, त्यांचा जीव रुळेपर्यंत राहते. अंगठा काय, तिथं तुमच्या घरी, तुमच्या बायकापोरांसमोर देतील. तो जेवला, हात धुतले, उद्या सकाळी जीप घेऊन येतो म्हणाला आणि कागद घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी गाठोडं घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेली. तू चूल माझ्यावर सोडलीस आणि तिच्याजवळ जाऊन बसलीस. ऊन चढतंय, मी पाणी आणून देतेय, तुम्ही दोघी रस्त्याकडे बघताय. दुपार कलली तशी ती म्हणाली, "भाऊ माझा लगीन व्हायच्या आधीच मेला. भाचा कुठला येतोय?"

मग इतका वेळ बसलात कशाला, मी विचारलं.

"अंगठा दिला नसता मी. पण आत्या म्हणला ना."

तू उठलीस, तिचं गाठोडं काखेत घेतलंस. "चला आत्या," म्हणालीस, "जेवून घ्या."

आणि माय, ते तू त्या दिवसापुरतं म्हटलं नव्हतंस. दिवाळीला ती आपल्या घरी आली. माझ्या लग्नात आत्याच्या मानाची साडी नेसून मांडवात बसली. ती गेली तेव्हा तू सुतक पाळलंस. भावकी हसली, तू ऐकून घेतलंस आणि पाळलंस. इतकं मोठं मन माणूस कुठून आणतो, याचं मला आजही नवल वाटतं.

मी आता लातुरात असते. सगळं शहर क्लासेसच्या पोरापोरींनी भरलंय. वरच्या खोल्यांत मुदखेड, इस्लापूरकडच्या मुली राहतात, खाली मी एकटी. मध्यंतरी एक तरुण फौजदार आमच्या कॉलनीत येऊन आम्हा वयस्कर बायकांना समजावून गेला. ओटीपी सांगू नका, पोलीस फोनवर अटक करत नाहीत, घाबरून पैसे पाठवू नका. लोभ आणि भीती, दोन्हींपासून सावध राहा, म्हणाला. खरंच होतं त्याचं. मी ते पाठ केलंय, शेजारणींनाही सांगते. पण तू त्या रस्त्याच्या कडेला जे ओळखलंस, ते त्याच्या बोलण्यात कुठं नव्हतं.

तू आता नाहीस, हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. मुलाला सांगितलेलं नाही. परवा एक फोन आला. बँकेतून बोलतोय म्हणाला, आणि आधी विचारलं, "मावशी, जेवण झालं का?" मी लगेच ओळखलं. खात्याचा नंबर दिला नाही, काहीच दिलं नाही. पण फोनही ठेवला नाही. काय केलं होतं जेवायला, ते सांगत बसले.